हळदीचे फोटो

खोडाळ्यात बाजाराचा रस्ता सोडून ओढ्याच्या बाजूला उतरायला लागलं की हर्षदा झुगरेचं घर लागतं. पुढच्या खोलीत एका भिंतीला निळं कापड ताणून लावलेलं आणि त्याच्यापुढे एक स्टूल. आधारला, शाळेत, जातीच्या दाखल्याला फोटो हवा असला की माणसं त्या स्टुलावर येऊन बसतात. पण हर्षदाचं खरं काम लग्नसराईतलं.

नवरा विनोद ठाण्याला बांधकामावर होता तेव्हा तीही तिथं राहिली होती. एका फोटो स्टुडिओत झाडलोट करायची. मालकाच्या बायकोनं तिला आधी लाइट धरायला शिकवलं, मग हळूहळू कॅमेरा हातात दिला. विनोद टेम्पो चालवायला लागला आणि दोघं गावाकडं परतली, तेव्हा हर्षदानं एक जुना कॅमेरा आणि स्टुडिओतलाच मोडीत निघालेला कॉम्प्युटर बरोबर आणला.

मोखाड्याच्या पाड्यांवर तिच्या आधीही फोटोवाले येत. पण बाप्या माणूस कॅमेरा घेऊन मांडवात शिरला की बाया पदर सावरून ताठ उभ्या राहायच्या. हर्षदा आली की तसं होत नसे. हळद लागलेली नवरी तिच्यासमोर खदखदून हसायची. आत्या-मावश्या एकमेकींना हळद चोळायच्या, पाणी ओतायच्या, चिंब भिजून नाचायच्या. "आपली हर्षदाच हाय, काढू दे," म्हणायच्या. असे फोटो ती अल्बमात घालत नसे. वेगळे ठेवायची आणि फक्त नवरीच्या हातात द्यायची. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक लग्नाचं वेगळं फोल्डर होतं. नवरीचं नाव, पाड्याचं नाव आणि माहेर-सासरचे फोन नंबर, सगळं फोल्डरवरच लिहिलेलं. कुणी उशिरा फोटो मागायला आलं तर शोधत बसायला नको म्हणून.

वैशाखातल्या एका दुपारी ती अल्बम जुळवत बसली होती. अल्बमाचं जुनं सॉफ्टवेअर सारखं अडकत होतं. विकत घ्यायचं तर परवडत नव्हतं, म्हणून फुकट कुठं मिळतंय का ते ती नेटवर शोधत होती. घरात वायफाय नव्हतं. मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करायचं आणि कॉम्प्युटर त्याला जोडायचा, अशी तिची रीत. एका ठिकाणी 'डाउनलोड' असं हिरवं बटण दिसलं, ते तिनं दाबलं.

पडदा लाल झाला. भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि एक बाई हिंदीत बोलू लागली, "आपका कंप्यूटर लॉक कर दिया गया है." खाली एक फोन नंबर लकाकत होता. हर्षदानं खिडकी बंद करायचा प्रयत्न केला, ती बंद होईना. अंगणात तिची सासू सकू चिंचा फोडत बसली होती. तिनं आवाज ऐकून बाहेरूनच विचारलं, "काय झाला गं? कोण वरडतंय?"

"काय नाय आई. मशीन बिघडला."

लग्नसराई ऐन भरात होती. सगळे फोटो त्या मशीनमध्ये. हर्षदानं तो नंबर लावला.

पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलत होता. मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं त्यानं. "घबराइए मत मैडम. बहुत लोगों को हो रहा है. मैं हूँ ना." तो सांगेल तसं ती करत गेली. एक लहानसं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यात जो नंबर दिसला तो वाचून दाखवला. भोंगा थांबला. लाल पडदा गेला. 

"अब माउस से हाथ हटा लीजिए."

तिनं हात काढला. पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला.

तो बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होता आणि ती बघत होती. त्यानं एक काळी खिडकी उघडली, तिच्यात अक्षरं भराभर वर सरकू लागली. "देखिए कितना वायरस है," तो म्हणाला. मग ती खिडकी बाजूला ठेवून बाण फोटोंच्या फोल्डरांवर गेला. एकेक फोल्डर उघडू लागला.

"ये क्या है मैडम?"

"शादी के फोटो हैं."

"ये भी चेक करना पड़ेगा."

प्रतिक्षाचं फोल्डर उघडलं. प्रतिक्षा ही तिथल्याच एका पाड्यावरची पोर, नुकतीच लग्न होऊन जव्हार तालुक्यात साखरशेतला गेली होती. तिच्या हळदीचे फोटो पडद्यावर आले. ओल्या केसांची, पिवळ्या तोंडाची, डोळे मिटून हसणारी प्रतिक्षा. बाण तिच्यावर थांबला. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी भरायला लागली.

ती पट्टी हर्षदाच्या ओळखीची होती. पेन ड्राइव्हमध्ये फोटो टाकताना रोज तीच दिसायची. फोटो कुठंतरी निघाले होते.

"ये क्या कर रहे हो?" तिनं विचारलं.

"स्कैनिंग है मैडम."

"बंद करो."

आवाज बदलला. "लाइन मत काटिए. काटेंगी तो सब डिलीट हो जाएगा. समझीं?"

हर्षदा उठली आणि बोर्डावरचं मेन बटण तिनं बंद केलं. पंखा थांबला. कॉम्प्युटर चालूच राहिला. टेबलाखालच्या यूपीएसनं टीं-टीं करायला सुरुवात केली. तिकडं वीज सारखी जाते म्हणून तिनंच तो हौसेनं घेतला होता. बाण थांबला नाही. दुसरं फोल्डर उघडलं, मग तिसरं. यूपीएसची वायर खाटेमागे गुंतलेली होती, हाताला लागेना. फोनवरचं हॉटस्पॉट बंद करायचं बटण तिला रोज झोपेतही सापडलं असतं, त्या घडीला बोटं नुसतीच काचेवर घसरत होती. कानात तो माणूस आता ओरडत होता.

मग ती फोन हातात घेऊन घराबाहेर पळाली.

ओढ्याच्या अंगाला रेंज येत नाही, हे खोडाळ्यात कुणालाही माहीत आहे. तिकडं गुरं न्यायची तर फोन मेलाच म्हणून समजायचं. हर्षदा अनवाणी उतारावरून धावत सुटली. सकू चिंचा टाकून उठली, "अगं काय झाला, कोठं चाललीस?" म्हणत तिच्या मागं निघाली. माणसाचा आवाज तुटक झाला, मग खरखर आली, मग काहीच नाही. फोनला रेंज नाही म्हणजे मशीनलाही नेट नाही. ओढा कोरडा पडला होता. सकू येऊन पोचेपर्यंत हर्षदा एका दगडावर बसून राहिली.

घरी आली तेव्हा पडदा नुसता उजळ होता. बाण एका जागी उभा होता. तिनं यूपीएसची वायर ओढून काढली. त्या दिवशी तिनं फोनसुद्धा उघडला नाही.

सकाळी निरोप आला. अनोळखी नंबर, प्रतिक्षाचा तोच डोळे मिटलेला फोटो आणि खाली हिंदीत मजकूर. दुपारपर्यंत पैसे पाठव. नाही तर हिचे आणि बाकी सगळ्यांचे फोटो घाण करून गावभर पाठवतो. नंबर आहेत आमच्याकडे. पुढे पाच-सहा नंबर लिहिलेले होते. ते हर्षदानंच फोल्डरांवर लिहून ठेवलेले होते.

विनोद नाशिकला माल टाकायला गेला होता. तिनं त्याला फोन केला. सगळं सांगितलं. मागे मार्केटातला कालवा ऐकू येत होता.

"देऊन टाक," तो म्हणाला. "मी बघतो कुठून आणायचं ते. पण कोणाला बोलू नकोस."

"आणि परत मागितले तर?"

"हर्षदा, हे भाहेर गेला तर तुला कोण मांडवात उभी करील? आपल्या तोंडावर थुंकतील लोक. गप देऊन टाक."

तिनं फोन ठेवला. विनोद चुकीचं सांगत नव्हता, हे तिला कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून तो फोटो हलेना. प्रतिक्षाला सासरी जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या घरात तिला अजून कोण ओळखत होतं? फोटो आधी तिथं पोचला आणि हर्षदा नंतर, तर ती पोर कुणाला काय सांगणार होती?

जव्हारला तुषार म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. तिनं त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ताई, पैसे देऊ नका. दिले की ते उद्या परत मागतात. निरोप पुसू नका, उत्तरही देऊ नका. मशीनला नेट अजिबात लावू नका, तसंच उचलून माझ्याकडं आणा. आणि ईमेलचा, बँकेचा पासवर्ड त्या मशीनवर टाकलेला असेल तर फोनवरून आत्ता बदला."

कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधून आणि कॅमेरा पिशवीत टाकून ती जव्हारच्या जीपमध्ये बसली. जीप भरल्याशिवाय हलेना. मांडीवर मशीन, हातात फोन, आणि ऊन चढत चाललेलं. वळणावळणाच्या रस्त्यावर रेंज यायची आणि जायची, आली की फोन थरथरायचा. 'मैडम, टाइम जा रहा है.' 'सोच लो.' शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, बरा नाय का?" तिनं नुसती मान हलवली. तुषारच्या दुकानात मशीन ठेवलं, पाणीही न पिता ती साखरशेतला जाणाऱ्या रिक्षात बसली.

प्रतिक्षा घराच्या मागं भांडी घासत होती. हर्षदाला बघून तिचा चेहरा फुलला. "हर्षदाताई! अल्बम आणलास?"

"नाय गं. हात धू. थोडा बोलायचा हाय."

करवंदीच्या जाळीपाशी उभं राहून हर्षदानं तिला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. लाल पडदा, आपण लावलेला फोन, वाचून दाखवलेला नंबर, हिरवी पट्टी. प्रतिक्षा ऐकताना हळूहळू खाली बसली.

"कोणता फोटो?"

"केस भिजलेला."

"कोणा-कोणाला पाठवतील?"

"तुझ्या घरचा नंबर त्यांच्याकडं हाय. मी तुझ्या घरच्यांना सांगायला आलेय. पण तू नको म्हटलंस तर मी अशीच मागं फिरते. तू सांगशील तसा."

 एकदा प्रतिक्षा म्हणाली, "नको सांगू." मग म्हणाली, "पण आला तर?" हर्षदाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवायला हात उचलेना.

तेवढ्यात घरातून प्रतिक्षाच्या नवऱ्यानं हाक मारली. हेमंत त्याचं नाव. हाकेचा सूरच वेगळा होता. दोघी पुढच्या दारी आल्या तेव्हा तो हातात फोन धरून उभा होता, आणि त्याची आई चैती नागली पाखडायचं सूप मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"हे काय हाय?" तो म्हणाला.

फोटोत चेहरा प्रतिक्षाचा होता. बाकीचं तिचं नव्हतं. प्रतिक्षानं एकदाच पाहिलं आणि ती भिंतीला टेकली.

"तिचा नाय तो," हर्षदा पुढं झाली. "ऐक माझा. चेहरा मी काढलेल्या फोटोतला हाय. खालचा त्यांनी लावलाय. मूळ फोटो माझ्या कॅमेऱ्यात हाय, हा बघ." तिनं पिशवीतून कॅमेरा काढला आणि एकेक फोटो मागं सारत तो शोधून काढला. छोट्या पडद्यावर मांडव होता, जांभळीचा पाला होता, हळदीनं माखलेली प्रतिक्षा आणि तिच्यावर तांब्या रिकामा करणारी तिची मावशी.

हेमंतनं तो पाहिला, मग हातातला फोन पाहिला. "तुझ्या मशीनमधून गेला?"

"हो."

"तू त्यांना आत घेतलास?"

"मला कळला नाय. पण हो. मीच घेतला."

"मग आथा माझ्या दोस्तांना गेला असंल तर? मी कोणाकोणाला कॅमेरा दाखवत फिरू?" त्याचा आवाज चढला होता. शेजारची एक बाई दारात आली. प्रतिक्षा रडत नव्हती, ते बघवत नव्हतं.

चैतीनं सूप खाली ठेवलं. तिनं लेकाच्या हातून फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि पालथा घातला. "हे पाठवणारा कोण हाय? तुझ्या वळखीचा?"

"नाय."

"मग त्याच्यापायी सुनेवर कशाला वरडतोस? तिनं काय केला?" ती हर्षदाकडं वळली. "तुला मी बरा नाय म्हणणार. चुकलीस तू. पण आलीस. आथा काय करायचा ते बोल."

"जव्हारला पोलिसांत जायचा. मी जातेच. प्रतिक्षा आली तर तक्रार तिच्या नावानं होईल."

 हेमंतनं आत जाऊन शर्ट बदलला आणि मोटारसायकल बाहेर काढली. प्रतिक्षा त्याच्या मागं बसली. हर्षदा रिक्षानं गेली.

जव्हारच्या पोलीस ठाण्यातल्या महिला पोलिसानं तिघांना आत बसवलं आणि दार लोटून घेतलं. निरोप, नंबर, फोटो, सगळं तिनं जपून ठेवायला लावलं. सायबर गुन्ह्यांची सरकारी वेबसाइट उघडून तक्रार भरून घेतली, १९३० हा मदतीचा नंबर लिहून दिला. "पैसे दिले नाहीत ना? बरं केलं," ती म्हणाली. मग प्रतिक्षाकडं बघून म्हणाली, "तू मान वर कर. गुन्हा त्यानं केलाय."

तक्रार लिहून होत असताना हर्षदाचा फोन टेबलावर वाजत राहिला. कुणीच तो उचलला नाही. त्यांनी दिलेली वेळ कधीच टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता. पाड्यापाड्यांवरच्या बाया उतरल्या होत्या. एकेकीच्या घरी जाऊन सांगायचं तर आठवडा लागला असता, आणि तेवढा वेळ नव्हता. हर्षदा सुकी मासळी विकणाऱ्या हौशीपाशी गेली, कारण तिच्याभोवती नेहमी गर्दी असते. हौशीनं आधी ऐकलं, मग बोंबलांवरचं फडकं बाजूला सारून हर्षदाला स्वतःच्या पेटाऱ्यावर उभं केलं आणि ओरडली, "बायांनो, इकडं या. ही काय सांगते ते ऐका. हसायचा नाय."

हर्षदानं सांगितलं.  तुमच्या फोनवर फोटो येतील, ते खोटे आहेत. उघडू नका, पुढं पाठवू नका, पोरांना बजावा. कुणी धमकी दिली तर पैसे देऊ नका, माझ्याकडं या, आपण बरोबर पोलिसांत जाऊ. हे माझ्या हातून झालंय.

 मग मागून एकजण म्हणाली, "आमच्या सपनाचा पण गेला काय?" हर्षदा म्हणाली, "हो." ती बाई पिशवी उचलून तिथून चालती झाली. दुसरी शिव्या देत राहिली. तिला कुणी थांबवलं नाही.

संध्याकाळच्या आत प्रतिक्षाची आई रामी घरी आली. सकूनं पुढं केलेलं पाणी तिनं घेतलं नाही. "माझी पोर तुझ्या भरवशावर हसली होती," एवढंच बोलली आणि गेली. हर्षदाला तिच्यामागं जाता आलं नाही.

त्या आठवड्यात फोटो बऱ्याच घरी आले. पण त्याआधी बातमी पोचलेली होती. म्हाताऱ्या बायांनी पोरांच्या हातातले फोन काढून घेतले. मंगळूच्या पाड्यावर लाडक्या नावाच्या एका पोरानं फोटो दोस्तांना दाखवला, तेव्हा त्याच्या चुलतीनं त्याला सगळ्यांदेखत पुसायला लावला आणि वरून दोन दिल्या. कुणीच पैसे दिले नाहीत. धमक्या आधी वाढल्या, मग विरळ झाल्या, मग बंद पडल्या. तो माणूस कोण होता, कुठून बोलत होता, ते अजून कळलेलं नाही. तपास चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं.

विनोद परत आला तेव्हा तिच्याशी धड बोलेना. त्या लग्नसराईतली उरलेली कामं हातची गेली. काहीजणी घरी येऊन आपले फोटो स्वतःच्या डोळ्यांदेखत पुसून घेऊन गेल्या. हर्षदानं प्रत्येकीला स्टुलावर बसवलं, पुसायच्या आधी विचारलं, आणि पुसले. स्वतः काढलेले चांगले फोटो होते ते.

तुषारनं फोटो बाजूला काढून मशीन कोरं केलं आणि पुन्हा भरून दिलं. फुकटच्या सॉफ्टवेअरचा नाद तिनं सोडला. आता त्या कॉम्प्युटरला नेट जोडलेलं नसतंच. फोटो वेगळ्या हार्ड डिस्कमध्ये राहतात, काम झालं की ती डिस्क काढून कपाटात जाते. फोल्डरांवर नावं नाहीत. कुणाला ऑनलाइन काही हवं असेल तर ती फोनवर करून देते, आणि पडद्यावर नंबर लकाकला की लावू नका म्हणून प्रत्येकाला सांगते. बाया आता फोटोशिवायही तिच्याकडं येतात. "वीज तोडतो म्हणून फोन आलाय, खरा का?" "बक्षीस लागलाय म्हणतात, दाबू का?" ती हातातलं काम ठेवते आणि फोन बघते. तिच्या कपाळावर तेव्हा घाम येतो, हे सकूनं पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी पहिलं बोलावणं रामीकडूनच आलं. धाकटीची हळद होती. हर्षदा गेली, पण मांडवाच्या कडेला उभी राहिली. बाया आधीसारख्या मोकळ्या नव्हत्या, एकमेकींना खुणावत होत्या. रामीच मग बोलली, "ये आत. पण भिजलेले काढू नको." हर्षदानं मान डोलावली.

प्रतिक्षाही आली होती, कडेवर दोन महिन्यांची मुलगी घेऊन. त्या वैशाखानंतर तिनं स्वतःचा एकही फोटो कुणाला काढू दिलेला नाही, लग्नाचा अल्बमही मागितलेला नाही. हर्षदानं कॅमेरा खाली केला आणि तिच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ दोघी पोरीच्या मुठींकडं बघत राहिल्या. हेमंत बरा वागतो का, असं हर्षदानं विचारलं. प्रतिक्षा म्हणाली, "आथा वागतो."

मग तिनं मुलीला हर्षदाच्या मांडीवर दिलं आणि हळद कुटणाऱ्या बायांमध्ये उठून गेली.